पूर, आग, भूकंप आणि पहिलीतलं पोर : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी कृष्णाकाठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आमच्याकडच्या पोरांना पाढे उशिरा येतात, पण जुलै उजाडला की "आज आयर्विनला किती फूट?" (म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती) हे मोठ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांना पाठ झालेलं असतं. २०१९ च्या महापुरानंतर पालक सभेत तेच तेच प्रश्न येऊ लागले. जे प्रश्न वारंवार आले ते इथे एकत्र केलेत. उत्तरं तीन ते नऊ वर्षांच्या मुलांपुरती आहेत.

इतक्या लहान पोरांना हे कशाला सांगायचं? घाबरतील ना?

घाबरतात. मीच एकदा घाबरवलंय. पुरानंतरच्या वर्षी पावसाळ्याआधी मी वर्गात मोबाईलवर पुराचे व्हिडिओ दाखवले. वाटलं, डोळ्यांनी पाहिलं की गांभीर्य कळेल. आठवड्याभराने एक आई सांगत आली, पत्र्यावर पाऊस वाजला की पोरगं कानात बोटं घालून पलंगाखाली जातंय आणि रात्री अंथरूण ओलं करतंय. मोठी माणसं भीतीने सावध होत असतील. सहा वर्षांच्या पोराला भीती वाटली की ते गोठतं किंवा लपतं, आणि संकटात नेमकं तेच नको असतं.

तेव्हापासून वर्गात ना व्हिडिओ, ना मेलेल्यांचे आकडे. फक्त हालचाल शिकवते. "असं झालं की आपण असं करायचं", एवढंच बोलते आणि लगेच ते करून घेते. पोरांना तो खेळ वाटतो, आणि वाटू दे. ज्या पोराला काय करायचं ते ठाऊक असतं ते कमी घाबरतं, हे मी वर्गात दर वर्षी पाहते.

कोणत्या वयात काय शिकवावं?

तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि आईबापाचं खरं नाव यायला हवं. सोपं वाटतं ना? अंगणवाडीतल्या पोराला विचारून बघा, "तुझ्या आईचं नाव काय?" उत्तर येतं, "आई." बाबांचं? "पप्पा." पुराच्या छावणीत शंभर आया आणि शंभर पप्पा असतात. तिथे चुकलेलं पोर हे एवढंच सांगत असेल तर कार्यकर्त्यांनी काय करायचं?

पाच-सहाव्या वर्षी एक मोबाईल नंबर पाठ हवा. दहा आकडे सुटे सुटे राहत नाहीत, चालीत बसवले की राहतात. आम्ही ३-३-४ असे तोडून टाळ्यांवर म्हणतो. बडबडगीतासारखी चाल घरच्यांनीच लावावी, आजीने लावली तर उत्तमच. गाण्यात घातलेली गोष्ट किती टिकते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. इंडोनेशियात सिमेउलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ साली त्सुनामीने मोठा संहार झाला. त्यानंतर तिथल्या आज्या-आजोबांनी गाण्यांत आणि गोष्टींत 'स्मोंग' हा शब्द जपला. जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला की स्मोंग येणार, डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचा केंद्रबिंदू या बेटाजवळच होता. पाऊण लाखाच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावर मेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली. सायरन नव्हता, गाणं होतं.

सात वर्षांपुढच्या मुलाला फोन करायला शिकवा. त्याआधी फार अपेक्षा नको.

फोन करायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय? मोबाईल तर ते आमच्यापेक्षा चांगला चालवतात.

गेम चालवतात हो. पण बंद, लॉक केलेल्या फोनवरून संकटाचा फोन कसा लावतात हे वर्गातल्या कुणालाच आलं नव्हतं. बऱ्याच फोनवर लॉक न काढताही 'आपत्कालीन कॉल' दिसतो. तुमच्या फोनवर तो कुठे आहे ते आधी तुम्ही शोधा, मग मुलाला दाखवा. सराव करताना ११२ हा संकटाचा नंबर खरोखर लावू नका, हे पहिल्यांदा सांगा. आम्ही जुना, बिनसिमचा, बॅटरी काढलेला फोन वापरतो.

मुलाने एकच नंबर लक्षात ठेवायचा, ११२. रुग्णवाहिकेचा १०८, अग्निशमनाचा १०१, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे मोठ्यांसाठी फ्रीजवर किंवा दाराच्या मागे लिहून ठेवा.

मग बोलायचं काय? आमच्या सरावात पहिलं पोर म्हणालं, "हॅलो, मी बोलतोय." मी पलीकडून विचारलं, "कोण मी?" तर म्हणे, "मी, मीच." वर्गात हशा. आता तीन वाक्यं ठरलेली आहेत: माझं नाव अमुक, काय झालंय, मी कुठे आहे. तिसरं सगळ्यात अवघड. गावात घराला नंबर नसतो, म्हणून खूण पाठ करून घ्या: दूध डेअरीच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीजवळ, असं. आणि समोरचा "ठेव" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

पूर आला की पोरं पाणी बघायला पळतात. कसं आवरायचं?

आधी स्वतःला आवरा. रागावू नका, पण पाणी बघायला पोरांना खांद्यावर घेऊन कोण जातं? पुलावर उभं राहून पाण्याच्या बाजूला पाठ करून फोटो कोण काढतं? आमच्या भागात पुराशी नातंही दुहेरी आहे. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला की लोक स्नानाला जातात. कृष्णामाई दत्ताच्या पादुकांवरून जाते, ते पुण्याचं मानतात. ही श्रद्धा मुलांपासून लपवायची गरज नाही. फक्त मी वर्गात असं सांगते, की माई देवाला भेटायला येते तेव्हा आपण वाटेतून बाजूला व्हायचं.

पाणी बघायची हौस मोडत नाही, म्हणून आम्ही ती वळवली. शाळेच्या पायऱ्यांवर खडूने आडव्या रेघा मारल्या आहेत आणि मुलांना सांगलीच्या आयर्विन पुलाचे दोन आकडे शिकवले आहेत: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोल्हापूरकडच्यांनी राजाराम बंधाऱ्याचे शिकवावेत, ३९ आणि ४३. फळ्यावर कोपऱ्यात रोजचा आकडा लिहिण्याचं काम दुसरीच्या मुलांकडे असतं. काल ३१, आज ३५. "बाई, चारनं वाढलं!" वाढीचा वेग कळणं म्हणजे अर्धी तयारी झाली. कोयनेतून विसर्ग वाढवला ही बातमी आली की आता पोरंच घरी जाऊन सांगतात.

पाण्याचे नियम आम्ही तीनच ठेवलेत. तळ दिसत नाही त्या पाण्यात पाय घालायचा नाही. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी मोठा माणूसही पडतो, म्हणून मोठ्यांचा हात असला तरी ओढ्यावरच्या पुलावरून पाणी जात असेल तर "नको" म्हणायचं. आणि खांबाला, तारेला, ओल्या बटणाला हात लावायचा नाही.

होडीचा सरावही करा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली होडी उलटली. ते मी मुलांना सांगत नाही, पण खेळ घेते. पटांगणात खडूने होडी आखायची, त्यात आठच जागा, नववा आला तर सगळ्यांनी ओरडायचं, "पुढच्या फेरीला!" होडीत उभं राहायचं नाही, एका बाजूला सरकायचं नाही. घाबरलेली माणसं होडीवर तुटून पडतात, तेव्हा "पुढच्या फेरीला" म्हणायला फार धीर लागतो. तो पोरांना लहानपणीच आला तर बरं.

आणि एक गोष्ट फक्त मोठ्यांसाठी. २०१९ ला बरीच माणसं अडकली ती "२००५ ला पाणी इथवरच आलं होतं" या हिशेबावर. भिंतीवरची ती खूण बघून माळ्यावर सामान चढवलं आणि घरातच राहिली. पाणी आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. मुलांना जुनी खूण जरूर दाखवा, पण "यापेक्षा जास्त येत नाही" असं म्हणू नका. ते वाक्य पोरं आयुष्यभर धरून ठेवतात.

आमच्या मुलाला पोहता येतं. मग काळजी नाही ना?

पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं चांगलंच आहे, शिकवाच. पण विहिरीचं पाणी एका जागी असतं. पुराच्या पाण्याला ओढ असते, त्यातून ओंडके येतात, तारा येतात, बाभळीचे काटे येतात. पोहता येणारं पोर उडी मारतं, न येणारं मारत नाही, म्हणून तुमच्या पोराला जास्त समजवावं लागेल.

कुणी बुडताना दिसलं तर मुलाने पाण्यात जायचं नाही. ओरडायचं, मोठ्याला बोलवायचं, आणि जे हाताशी असेल ते फेकायचं: रिकामा कॅन, दोर, ओढणी, टायर. आम्ही पाच लिटरचा बूच लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून नेमबाजी खेळतो. हा खेळ संपवणं हीच मोठी अडचण असते.

भूकंपाचं काय? आपल्याकडे कुठे होतात?

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला झाला, तो आमच्या आज्यांना अजून आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली आणि सुमारे १०,००० माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं, यांनी बहुतेक बळी घेतले.

मुलांना शिकवायचं ते तीन शब्दांत: बस, झाक, धर. गुडघ्यावर खाली बसायचं, टेबलाखाली डोकं-मान झाकायची, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरकायचं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी बसून हातांनी डोकं झाकायचं. काच, कपाट, माळा यांच्यापासून लांब. हलणं थांबलं की मग बाहेर, आणि पुन्हा आत जायचं नाही, चप्पल राहिली तरी.

घर दगड-मातीचं असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर मात्र सरळ बाहेर मोकळ्यात. म्हणून आधी तुमचं घर बघा आणि मुलाला एकच गोष्ट शिकवा. "असं असेल तर तसं, तसं असेल तर असं" हे सहा वर्षांच्या डोक्यात राहत नाही.

आग लागली तर?

मोठ्यांना माहीत नसलेली गोष्ट आधी सांगते. लहान मुलं आगीत पळत नाहीत, लपतात. पलंगाखाली, कपाटात, गोधडीत. शिवाय वाचवायला आलेला अग्निशमन दलाचा जवान मुखवटा आणि हेल्मेटमध्ये राक्षसासारखा दिसतो, त्याला पाहून आणखी आत सरकतात. त्याचे फोटो आधीच दाखवा. "हे काका आपले. हाक मारली की ओ द्यायची."

धुराचा सराव असा. दोघांनी एक गोधडी दोन बाजूंनी कमरेएवढी ताणून धरायची. तो धूर. तिच्याखालून रांगत दारापर्यंत जायचं, डोकं गोधडीला लागलं की बाद. धूर वर चढतो आणि खाली श्वास घेण्यापुरती हवा उरते, हे त्यांना शब्दांशिवाय कळतं. दुसऱ्या फेरीला डोळे बांधायचे, आंधळी कोशिंबीर, एक हात भिंतीवर. पहिल्यांदा हे घेतलं तेव्हा एक मुलगी मधेच गोधडीखाली बसून राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "आजीच्या लुगड्याचा वास येतोय." त्या गोधडीत खरंच तिच्या आजीची दोन लुगडी होती. तिला मग दुसऱ्या गोधडीखालून पाठवली.

कपड्याला आग लागली तर पळायचं नाही. थांब, आडवा हो, तोंड झाकून लोळ. दिवाळीच्या आधी हे सतरंजीवर दहा वेळा करून घ्या. भाजलं तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं, टूथपेस्ट-हळद-शाई काही नाही. गॅसचा वास आला तर मुलाने बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, थेट बाहेर येऊन मोठ्याला सांगायचं. गळतीची तक्रार मोठ्यांनी बाहेर येऊनच १९०६ ला करायची.

विजेचं?

ढग वाजला की घरात. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही, शेततळ्यात नाही. शेवटचा आवाज ऐकून अर्धा तास होईपर्यंत बाहेर यायचं नाही. मोठ्यांनी 'दामिनी' अ‍ॅप घ्यावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, फुकट आहे.

पूर ओसरल्यावर साप निघतात. मुलांना काय सांगावं?

ओसरलेल्या घरात मुलांना आधी नेऊच नका. न्यावंच लागलं तर: अंथरूण, सरपण, बूट याला काठी लावल्याशिवाय हात नाही. साप दिसला तर मागे सरकायचं, दगड मारायचा नाही.

मण्यारीबद्दल मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही आणि व्रणही नीट दिसत नाही. पहाटे पोर "पोटात दुखतंय" म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, बोलणं लडखडलं, तर ओवा-हिंग देत बसू नका. दवाखाना गाठा. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, पोराला उचलून न्यायचं. मुलाने शिकायचं ते एकच: काहीही चावलं असं वाटलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. पोरं मार बसेल म्हणून चावलेलं लपवतात, त्याला इलाज आपल्या हातात आहे.

मुलाची वेगळी पिशवी करावी का? त्यात काय?

करावी, आणि मुलानेच भरावी. वजन त्याला पळताना पेलेल इतकंच. कपड्याचा एक जोड, शिट्टी, छोटी बॅटरी, पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू नाहीतर चिक्की, रोजचं औषध असेल तर ते, आणि आवडतं एक खेळणं. खेळणं फालतू नाही, छावणीतल्या चौथ्या रात्री त्याची किंमत कळते. प्लास्टिकच्या पिशवीत एक कार्ड घाला: नाव, आईबापाची नावं, दोन नंबर. त्यातला एक नंबर पुराच्या पट्ट्याबाहेरच्या मामाचा किंवा मावशीचा असू द्या. गावातले सगळे फोन एकदमच बंद पडतात.

शिट्टीचा नियम: तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. सराव मात्र बाहेर घ्या, घरात नको. अनुभवाने सांगतेय.

शाळेला काय विचारावं?

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, गवताच्या छपराने ती धरली आणि ९४ मुलं गेली. म्हणून पहिला प्रश्न खिचडी शिजते कुठे आणि सिलिंडर ठेवतात कुठे हा. दुसरा, वर्गाची दारं बाहेर उघडतात का आणि मागचं दार कुलूपबंद तर नसतं? तिसरा, अचानक शाळा सोडावी लागली तर पोर कुणाच्या ताब्यात देणार? त्या नावांची यादी आत्ताच लिहून द्या. आम्हाला असे प्रश्न विचारले तर काही शिक्षकांना राग येतो, मलाही यायचा. विचाराच.

मूल नीट ऐकू शकत नाही, किंवा मोठ्या आवाजाने बिथरतं. त्याच्यासाठी?

ऐकू न येणाऱ्यासाठी बॅटरीची उघडझाप हीच शिट्टी. आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला सरावाची वेळ आदल्या दिवशी सांगा आणि सुरुवातीला शिट्टी त्याच्याच हातात द्या. माझ्या वर्गातला असा एक मुलगा आता सरावाचा मुख्य शिट्टीवाला आहे, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

पुरानंतर पोरं 'पूर-पूर' खेळतात, बाहुली बुडवतात. थांबवायचं का?

नका थांबवू. बोलता येत नाही ते पोरं खेळून काढतात. महिन्याभरानंतरही झोप लागत नसेल, बोलणं बंद झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सराव किती वेळा?

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. त्यातला एक तरी अंधारात.

मुलं स्वतः काय विचारतात?

"माझं दप्तर भिजलं तर बाई मारतील का?" "छावणीत संडास कुठे असतो?" हा दुसरा प्रश्न फार खरा आहे, बऱ्याच मुली छावणीत त्या धास्तीने पाणीच पीत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा, कुणाला विचारायचं आणि कुणाबरोबर जायचं.

पण सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न जनावरांचा. होडीच्या खेळात एकदा एक मुलगा जागेवरून उठेना. म्हणाला, "बाई, आमची शेळी?" मी म्हटलं, आधी माणसं. तो म्हणाला, "मग मी पण पुढच्या फेरीला." त्याच्या बापाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. आता त्यांच्या घरचं ठरलंय: ३५ फुटाला शेळी आणि म्हैस माळावरच्या चुलत्याकडे जातात, आणि पाणी अचानक वाढलंच तर दावं सोडायचं. दावं सोडायचं काम त्या मुलाच्या आईकडे आहे, आणि "दावं सोडलं का?" हे विचारायचं काम त्याच्याकडे.